पिवळ्या टोकाचं पोलाद

कंपनीत नोकरी असलेल्या माणसाच्या घरात सुरी कधी विकत आणलेली नसायची. लोखंड कापायच्या मोठ्या करवतीचं पातं झिजलं की ते भंगारात जायचं, आणि जायच्या आधी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ते ग्राइंडरवर धरून त्याची सुरी करायचं. मुठीला दोन्ही बाजूंनी फायबरच्या पट्ट्या, पितळेचे रिव्हेट. साहेबांना हे ठाऊक असायचं. पण भाजी साहेबांच्या बायकाही चिरायच्याच, त्यामुळे कुणी काही बोलत नसे. आमच्या नात्यात लग्न ठरलं की बाकीचे पातेली द्यायचे, आमचे हे सुरी द्यायचे. मला मेलीला लाज वाटायची. नव्या नवरीच्या हातात काय द्यायचं, तर धार.

हे टूल रूममध्ये होते. म्हणजे ज्या हत्यारांनी बाकीची कंपनी काम करते, ती हत्यारं बनवणारं खातं. त्याबरोबर स्टोअरमध्ये आलेल्या पोलादाच्या सळ्यांना रंग द्यायचं कामही यांच्याकडेच होतं. पोलाद दिसायला सगळं सारखंच, काळं. कुठलं मऊ, कुठलं कडक होणारं, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून आलेल्या सळीच्या एका टोकाला रंग लावून ठेवायचा. निळा म्हणजे अमुक, हिरवा म्हणजे तमुक. आणि सळी कापायची ती नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून, म्हणजे शेवटचा वीतभर तुकडा उरला तरी तो कोण आहे ते कळतं. हा नियम यांच्या रक्तात इतका भिनला होता की घरी कुणी मूर्खपणा केला की हे म्हणायचे, "रंगाच्या बाजूनं कापणारी जात आहे ही." मी चपातीचा काठ आधी तोडला तरी तेच ऐकायचे.

पिवळा रंग सगळ्यांत वरचा. पिवळ्या टोकाच्या पोलादाची हत्यारं व्हायची. ते तापवून तेलात बुडवलं की असं कडक व्हायचं की त्यावर कानस घासली तर घसरायची. याला पाणी देणं म्हणतात. बुडवतात तेलात आणि म्हणतात पाणी, पण माझं कोण ऐकतो. धाकटीनं शाळेत सूर्य पिवळा रंगवला तेव्हा हे कौतुकानं म्हणाले होते, "बरोबर आहे. सगळ्यांत चांगल्याला पिवळाच."

मग उदारीकरण आलं. उदार कोण झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. कंपनीनं आधी सुटे भाग बाहेरून घ्यायला सुरुवात केली, मग हत्यारं बाहेरून, मग बाहेरच्यांनाच सगळं देऊन टाकलं. टूल रूमला म्हणे स्वेच्छानिवृत्ती. इच्छा त्यांची, निवृत्ती आमची. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे आणि एकेक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या माणसाला सकाळी कुठंच जायचं नाही त्याला घड्याळ देणाऱ्या माणसाची मला एकदा भेट घ्यायची होती. कंपनीची जागा नंतर विकली गेली आणि तिथं काचेची इमारत आली, संगणकवाल्यांची.

लोक सल्ला द्यायला पुढे असतातच. संगणक शिका म्हणाले. हे सदाशिव पेठेतल्या एका क्लासला गेले, पोरासोरांच्या मध्ये बसले, आणि आठवडा व्हायच्या आत परत आले. म्हणाले, "दाबलं की होतं. त्यात आपण करायचं काय?"

यांच्याबरोबर निघालेल्या पुष्कळांनी तोवर दुसरी वाट धरली होती. शहरभर काचेच्या इमारती उगवत होत्या आणि प्रत्येक इमारतीच्या दाराशी बसायला माणूस हवा होता. पट्टीचा फिटर, पट्टीचा टर्नर, निळा सदरा घालून गेटवर. एका एजन्सीचा माणूस आमच्याकडेही यायचा. म्हणायचा, "काका, शरीरयष्टी आहे, मराठी चांगलं आहे, बसूनच राहायचंय."

तो माणूस आला की माझे सासरे खाटेवरून उठून बाहेर जायचे. सासऱ्यांनी तरुणपणी, छप्पन साली, दीक्षा घेतली आणि गावकीची सगळी कामं एका दिवसात टाकली. आमच्याकडे वेसकरकी होती. सासऱ्यांचे वडील आयुष्यभर काठी घेऊन गावाच्या वेशीवर बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला जोहार घालत. गाव आत निजायचं आणि ते बाहेर जागायचे, आणि त्याबद्दल शिळ्या भाकरी. ते सोडून सासरे पुण्याला आले, हमाली केली, मुलाला आयटीआयला घातलं. मुलाला टूल रूममध्ये घेतलं त्या दिवशी त्यांनी चाळीत लाडू वाटले होते. एजन्सीचा माणूस दुसऱ्यांदा येऊन गेला तेव्हा ते यांना म्हणाले, "काय बी कर. दगड फोड. पर दारावर बसू नको. माझा बाप तितं बसून मेला हाय."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट ठरली, की काहीही होवो, गेटवर बसायचं नाही. सुऱ्यांचा धंदा त्यातून निघाला.

वारजे तेव्हा असं भरलेलं नव्हतं. हायवेच्या कडेला भंगाराची दुकानं होती, त्यांच्या मागे आम्ही पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. भट्टीला जुना ब्लोअर, रुळाच्या तुकड्याची ऐरण, आणि एक ग्राइंडर. माल शेजारीच. ट्रकच्या खालचे मोडलेले पाटे भंगारवाल्याकडून आणायचे, तापवून सरळ करायचे, ठोकून पातळ करायचे. भंगारवाला मुळशीकडचा, बोलायला उर्मट, काट्याला सरळ. यांची पद्धत मात्र कंपनीतली. आणलेल्या प्रत्येक तुकड्याची परीक्षा. ग्राइंडरला धरून ठिणग्या बघायच्या, एक कोपरा तापवून बुडवून कानस लावायची, मग तो हातोड्यानं मोडून आतले कण बघायचे. मी म्हणायचे, "अहो, मुलगी बघायला गेल्यासारखं काय करता?" तर म्हणायचे, "भंगाराला आईबाप नसतात. विचारावं लागतं."

मुठी बसवणं माझ्याकडे होतं. ठिणग्यासुद्धा मी ओळखायला लागले होते. ट्रकच्या पाट्याच्या ठिणग्या लांब जाऊन फुटायच्या, टिकल्या फुटाव्यात तशा. विकायलाही मीच जायचे, कारण यांना माल चांगला आहे हे सांगायची लाज वाटायची. चांगला आहे तर दिसेलच की, हे यांचं म्हणणं. मंडईतल्या बायकांना दिसलं. त्यांनी भोपळे कापून बघितले आणि घेतल्या. पेठेतल्या लोकांना दिसायला वेळ लागायचा. एका आजोबांनी सुरी नखावर लावून पाहिली आणि विचारलं, "कंपनी कुठली?"

"कंपनी बंद पडली," मी म्हणाले.

"म्हणजे गॅरंटीही बंद," ते म्हणाले, आणि घेतली. त्यांच्या पत्नीनं आतून विचारलं, "तुम्ही लोहार का?" मी म्हटलं, "नाही, टूल रूम." टूल रूम ही कुठली जात ते त्यांना लावता येईना. मला त्या दिवशी घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं.

असं बरं चाललं होतं म्हणावं तर चाललं होतं, पण ट्रकच्या पाट्यावर घर चालत नाही. एजन्सीचा माणूस अधूनमधून शेडवर डोकवायचा आणि भट्टीकडे बघून हसायचा. तेवढ्यात हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीचं कँटीन चालवणारा ठेकेदार मंडईत आला. त्यानं कुणाच्या तरी हातातली आमची सुरी बघितली आणि पत्ता काढत शेडवर आला. हजारो पोरं जेवतात म्हणाला, सॅलड चिरून चिरून बाजारच्या सुऱ्या महिन्यात बोथट होतात. त्याला सगळ्या एका मापाच्या, एका कडकपणाच्या सुऱ्या हव्या होत्या. चालल्या तर त्याच्या सगळ्या कँटीनना आमच्याच. जाताना तो यांना "मास्टर" म्हणाला. कंपनी सुटल्यापासून यांना कुणी मास्टर म्हटलं नव्हतं. हे संध्याकाळी दोनदा हसले, मी मोजलं नाही पण लक्षात राहिलं.

सगळ्या सारख्या हव्यात तर पोलादही सारखं हवं. दहा ट्रकचे दहा पाटे चालणार नाहीत. म्हणून आम्ही भंगारवाल्याकडे गेलो, आणि त्याच्या ढिगाच्या मागे, गंजलेल्या सळ्यांच्या तुकड्यांची एक रास पडली होती. प्रत्येक तुकड्याचं एक टोक पिवळं.

हे उकिडवे बसले. खिशातला रुमाल काढून एक टोक पुसलं. मी यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाळंतपणानंतर लेक पहिल्यांदा हातात घेतली तेव्हासुद्धा हा माणूस इतका विरघळला नव्हता, हे मी आज लिहून ठेवते.

"आपलं आहे," हे म्हणाले.

"कशावरून?"

"पिवळं आहे. आणि बघ, कापलंय बिनरंगाच्या बाजूनं. शिकलेल्या माणसानं कापलंय."

भंगारवाल्याला विचारलं, कुठला माल. तो म्हणाला, "बंद पडल्याली कंपनी हाय. कंची ते नाय ठावं. आता येक का हाय, रोज येकीचं शटर पडतंय."

तेवढं यांना पुरलं. बंद पडलेली कंपनी जगात एकच होती. आम्ही अख्खी रास टेम्पोत घालून आणली. टेम्पोत हे पुढं न बसता मागं बसले, त्या तुकड्यांपाशी.

शेडवर आल्यावर मी ग्राइंडर चालू करायला गेले, नेहमीप्रमाणे ठिणग्या बघायला. हे म्हणाले, "त्याची काय गरज? मीच रंगवलेलं असणार." जे पोलाद रोज ओळख दाखवल्याशिवाय भट्टीत जात नव्हतं, ते त्या दिवशी घरच्या माणसासारखं थेट आत गेलं.

ते ठोकायला फार जड गेलं. नेहमी तांबडं झालेलं पोलाद हातोड्याखाली पसरतं, हे पसरेना. हे घामाघूम झाले. म्हणाले, "चांगल्या पोलादाला माज असतोच. माझाच हात ट्रकच्या पाट्यांनी बिघडलाय." पुढं आकार देताना ग्राइंडरवर धरलं तर ठिणग्या आखूड पडायला लागल्या, मंद, विटकरी रंगाच्या. फुटतच नव्हत्या. मी म्हणाले, "अहो, या ठिणग्या वेगळ्या दिसतात." हे म्हणाले, "चाक झिजलंय." नवीन चाक आणलं. ठिणग्या तशाच राहिल्या. मग हे म्हणाले, शेडमध्ये उजेड जास्त आहे.

पाणी दिल्यावर मात्र कानस अशी घसरली की यांनी मला हाक मारून दाखवलं. पुढं कंपनीतल्या सवयीप्रमाणे पाती थोडी पुन्हा तापवली, म्हणजे कडकपणातला ताठा उतरतो. किती तापवायचं हे यांना पाठ होतं, आपल्या पिवळ्याला लागायचं तितकं. मी शिसवी मुठी बसवल्या. सासरे इतके दिवस शेडकडे फिरकले नव्हते. भट्टीपुढं बसलेल्या माणसाला लोक जात विचारतात, म्हणून. त्या दिवशी ते आले, एक सुरी उचलली आणि घरी नेऊन स्वतः कांदा चिरला. डोळ्यांना पाणी आलं ते कांद्याचं होतं असं त्यांनीच सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

ठेकेदार सुऱ्या घेऊन गेला. दोन आठवडे सगळं गोड. फोनवर म्हणाला, धार उतरतच नाही, मास्टर. यांनी शेडला रंग द्यायचं ठरवलं. एजन्सीचा माणूस रस्त्यात भेटला तर यांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की आता येत जाऊ नका.

मग एक दिवस दुपारी ठेकेदाराची गाडी आली. त्यानं सुऱ्यांचा खोका उतरवला आणि ऐरणीशेजारी ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. एका पोरीच्या कोशिंबिरीत पोलादाची कपची निघाली होती. चावताना दाताचा तुकडा उडाला. नशीब, गिळली नाही. त्यानंतर सगळ्या सुऱ्या तपासल्या तर बऱ्याच पात्यांच्या धारेला बारीक दाते पडलेले, काचेची कड फुटावी तसे. एक सुरी तर गाजरावर मधोमध मोडली होती.

"कंपनीत मेल फिरली सगळ्यांना," तो म्हणाला. "माझं कॉन्ट्रॅक्ट वाचलं हेच खूप. मास्टर, तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण आता माझ्या किचनमध्ये ब्रँडेडच वस्तू."

तो गेल्यावर हे मोडलेली सुरी घेऊन उजेडात उभे राहिले. मोडलेल्या जागी आतले कण बघितले. मग ग्राइंडर चालू केला आणि जे पहिल्या दिवशी करायचं ते आता केलं. राशीतला एक तुकडा धरून ठिणग्या बघत राहिले. आखूड, विटकरी. बराच वेळ बघत राहिले. मला म्हणाले, "हे आपलं नाही. याचा ताठा उतरायला जास्त तापवायला हवं होतं."

मी म्हणाले, "मी सांगितलं होतं." असं म्हणू नये हे मला कळतं. पण मी काही संत नाही, आणि मुठी मीही घासल्या होत्या.

आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. यांचा आवाज कधी नव्हे तो चढलेला. पिवळ्याच्या नावाखाली भलतंच पोलाद दिलंस म्हणाले. भंगारवाला तंबाखू मळत होता, तो थांबलासुद्धा नाही.

"मी कवा म्हणालो पिवळा म्हंजी काय? तुमीच म्हणाला. चाकणकडची कंपनी व्हती, तुमचं कानावर आल्यावर चौकशी केली. त्यांचा पिवळा येगळा, तुमचा येगळा. हरेक कंपनी आपापला डबा उघडती. पिवळा रंग काय तुमच्याच सायबानं काढला व्हता व्हय?"

आयुष्य एकाच कंपनीत काढलेल्या या माणसाला वाटत होतं की पिवळा हा पोलादाचाच कायदा आहे. सूर्य जसा पिवळा, तसं. प्रत्यक्षात कधीतरी, यांच्याही आधी, कुणा साहेबाला कपाटात पिवळ्या रंगाचा डबा मिळाला असेल, एवढीच गोष्ट. कुठल्याही लोहारानं रंगाकडे ढुंकून पाहिलं नसतं. त्यानं ठिणगी पाहिली असती. रंगावर विश्वास ठेवायला कंपनीचाच माणूस लागतो.

मंडईतल्या बायकांपर्यंत बातमी कशी पोचली ठाऊक नाही. जेवणात पोलाद निघालं, एवढंच पोचलं. ट्रकच्या पाट्याच्या सुऱ्या त्यात नव्हत्या, हे मी सांगत फिरले. बायका ऐकून घ्यायच्या आणि "आत्ता नको ताई" म्हणायच्या. मी यांना म्हटलं, पुन्हा सुरू करू, पाट्यांपासून, तुमची चूक पोलादाची नाही, रंगाची आहे. शेडचं भाडं भरू कसंतरी. यांनी भट्टी पेटवली नाही. रोज शेडवर जायचे आणि बसून यायचे. म्हणायचे, आता प्रत्येक तुकडा बघितला की वाटतं, हा तरी खरं बोलतोय का.

पावसाळ्याच्या आधी शेड सोडली. एजन्सीच्या माणसाला यांनीच निरोप पाठवला, मला न सांगता. सासऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी जेवणाचं ताट सरकवलं आणि त्या दिवसापासून यांच्याशी बोलणं कमी केलं. अगदी बंद केलं नाही. पाणी दे, दार लाव, एवढं राहिलं.

पहिल्या दिवशी निळा सदरा आला तो खांद्याला मोठा होता. मी टाके घालून दिले. शिट्टीची दोरी खिशाला अडकवली, आणि एजन्सीनं दिलेली काठीही होती. ती हातात न धरता यांनी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती. सासरे आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते, झोप लागलेली नव्हती. मी डबा भरत होते आणि कंपनीच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडत होते. आता तरी हा माणूस एक शिवी देईल असं वाटत होतं मला. एक दिली असती तरी मी सुखानं डबा दिला असता.

हे आरशासमोर सदऱ्याची गुंडी लावत होते. म्हणाले, "अगं, एक मात्र बरं झालं. आपला पिवळा चुकला नव्हता. पिवळा दुसऱ्या कंपनीचा होता."

मी डबा खाली ठेवला. "अहो," मी म्हणाले, "त्या कंपनीनं तुम्हाला हाकललं."

"ते वेगळं," हे म्हणाले, बाहेरची काठी उचलली आणि गेटवर बसायला गेले.